चिप ट्रकवरची तर्री

माझी नोकरी गेली त्या आठवड्यात कॅनडातल्या आमच्या किचनर गावातला बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला काळा गाळ साचला होता. अकरा वर्षं मी एकाच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं. एका सकाळी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि आमच्या अख्ख्या टीमला नारळ मिळाला. नवरा म्हणाला, घाई करू नकोस, उन्हाळा जाऊ दे. त्याची नोकरी शाबूत होती, घर चालत होतं. मुलगी पंधरा वर्षांची. तिने मला मिठी मारली, "यू डिझर्व्ह अ ब्रेक, मॉम" म्हणाली आणि स्कूल बस पकडायला पळाली.

घरात मी एकटी उरले. सकाळी लॅपटॉप उघडून दोन-चार ठिकाणी अप्लाय करायचं, कव्हर लेटरमधलं कंपनीचं नाव बदलायचं, आणि दहा वाजले की दिवस संपल्यासारखा वाटायचा. डॉक्टर बरीच वर्षं चालायला सांगत होते, म्हणून मी चालायला लागले. आमच्या वसाहतीतून बाहेर पडून मोठा रस्ता ओलांडला की एक हार्डवेअरचं दुकान लागतं. त्याच्या पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात एक पांढरा चिप ट्रक उभा असायचा. म्हणजे उभ्या ट्रकमध्येच थाटलेलं स्वयंपाकघर, एक खिडकी, बाहेर दोन पिकनिक टेबलं. त्याच्यावर रंगवलेला बटाटा उन्हाने इतका फिका पडला होता की तो अंड्यासारखा दिसे. एकोणीस वर्षं मी त्याच्यासमोरून गाडी घेऊन गेले होते, पण थांबले कधीच नव्हते. इथल्या ग्रेव्हीत बीफ असणार हे मी गृहीत धरलं होतं, आणि तेवढ्यावर तो विषय मिटवला होता.

त्या दिवशी मात्र भूक लागली होती आणि घरी जायचं कारण नव्हतं. मी खिडकीपाशी जाऊन विचारलं, ग्रेव्ही कशाची आहे. आतल्या बाई सत्तरीच्या असतील, ठेंगण्या, पांढरे केस जाळीत बांधलेले. त्या म्हणाल्या, कोंबडीची, पहिल्यापासून कोंबडीचीच. मग मी पुटीन घेतलं. पुटीन म्हणजे बटाट्याच्या गरम फ्राइजवर चीजचे ताजे गोळे आणि वरून ग्रेव्ही. हे गोळे दाताखाली चिरचिर वाजतात, आणि वाजले तरच ते ताजे. माझे वाजले. उभ्याउभ्याच मी सगळा डबा संपवला.

मग दर मंगळवारी जायला लागले. बाईंनी आपलं नाव सांगितलं होतं, पण सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळली नाही. मी मनात त्यांना मावशी म्हणायचे आणि तोंडाने काहीच नाही. मावशींचा जन्म पोर्तुगालच्या एका बेटावरचा. सहा वर्षांच्या असताना आईबापांबरोबर इकडे आल्या. ट्रक नवऱ्याने सुरू केला होता. तो गेल्यावर त्यांनी तो एकटीने चालवला. मदतीला भाची होती, ती त्या वसंतात दूर अल्बर्टा प्रांतात निघून गेली.

जूनमध्ये एका मंगळवारी गेले तर मावशींचा डावा हात प्लास्टरमध्ये. ट्रकच्या पायरीवरून पाय घसरला होता. भिंतीला बटाटे कापायचं एक लोखंडी यंत्र लावलेलं होतं. त्यात बटाटा ठेवायचा आणि दांडा खाली ओढायचा की खालून फ्राइज पडतात. एका हाताने बटाटा ठेवायचा, त्याच हाताने दांडा ओढायचा, असा त्यांचा खटाटोप चालला होता आणि बाहेर पाच-सहा माणसं उभी होती. मी खिडकीतून म्हटलं, मी ओढू का दांडा? त्यांनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आत ये. पण आधी केस बांध."

त्या दिवशी मी तीन तास दांडा ओढला. दुसऱ्या दिवशी खांदा दुखत होता आणि मला फार बरं वाटत होतं. मावशींनी बजावलं की रोज यायचं असेल तर फूड हँडलरचं सर्टिफिकेट लागेल, नियम म्हणजे नियम. ते मी ऑनलाइन अभ्यास करून दोन दिवसांत काढलं. नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "तुला आवडतंय का?" मी हो म्हटलं. "मग झालं तर," तो म्हणाला, आणि येताना फ्राइज आणायला सांगितलं. नागपूरला आईला मात्र मी लगेच काही कळवलं नाही.

मावशी शिकवायला कडक होत्या. बटाटे कापून गार पाण्यात टाकायचे, पाणी निवळशंख होईपर्यंत बदलायचं. मग एकदा मंद आचेवर तळून काढायचे, थंड करायचे, आणि गिऱ्हाईक आल्यावर कडकडीत तेलात दुसऱ्यांदा सोडायचे. मी घाई केली की त्या तो घाणा सरळ कचऱ्यात टाकत. दोनदा टाकला, मग मी घाई करणं सोडलं. ग्रेव्ही त्या स्वतःच करायच्या. शेवटी छोट्या फ्रिजमधून एक बरणी काढून त्यातला चमचाभर लाल गोळा पातेल्यात सोडायच्या. मला वाटायचं, टोमॅटो असेल.

दुपारी गर्दी ओसरली की आम्ही पिकनिक टेबलावर बसून जेवायचो. मावशी सँडविच आणत, मी डबा. एका गुरुवारी मी तर्री-पोहे नेले होते. नागपुरात सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर प्लेटमध्ये पोहे घेतले की ठेलेवाला वरून काळ्या चण्यांचा झणझणीत, तेलाचा लाल तवंग आलेला रस्सा ओततो, ती तर्री. मी ती आईच्या पद्धतीने करते, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, दगडफूल आणि दाटपणासाठी चमचाभर ज्वारीचं पीठ. त्या दिवशी डब्याचं झाकण उघडल्यावर मावशींनी नाक पुढे केलं. मी पोह्यांवर तर्री घालून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी दोन घास खाल्ले, नाक पुसलं, पोहे बाजूला सारले आणि उठून ट्रकमध्ये गेल्या. परत आल्या त्या फ्राइजचा डबा घेऊन. उरलेली तर्री फ्राइजवर ओतली, वर चीजचे चार गोळे टाकले आणि मला म्हणाल्या, खा.

मी खाल्लं. आता ती चव नीट सांगता येणं कठीण आहे. फ्राइजची कड अजून कुरकुरीत होती, आत तर्री मुरत होती, आणि तिखट जिभेला लागणार इतक्यात चीज मध्ये पडत होतं. एकोणीस वर्षं मी या देशात दोन स्वयंपाकघरं वेगवेगळी ठेवली होती. एकात आपलं, दुसऱ्यात त्यांचं. पास्ता केला की पास्ता, वरणभात केला की वरणभात. त्यांची भेट घालून द्यावी असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि या बाईने सँडविच खाताखाता ते करून टाकलं होतं.

पुढच्या गुरुवारपासून आम्ही ती विकायला लागलो. तर्री मी ट्रकमध्येच सकाळी करायचे, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने, कारण ती शाकाहारी होती आणि युनिव्हर्सिटीतली कितीतरी मुलं नेमकं तेच विचारायची. पाटीवर काय लिहायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, स्पायसी चिकपी पुटीन लिहू, लोकांना कळेल. मुलगी त्या दिवशी पाटी रंगवायला आली होती. ती म्हणाली, "मॉम, जस्ट कॉल इट तर्री. पीपल लर्न्ड टू से पुटीन." तिने 'तर्री' हा शब्द इतका स्वच्छ उच्चारला की मी रंगाचा डबा तिच्याकडे सरकवला. मावशींसाठी मात्र तो अजूनही 'टारी'च आहे.

मग आईला सांगणं भाग पडलं, कारण मुलीने आजीला पाटीचा फोटो पाठवून दिला होता. संध्याकाळी आईचा कॉल आला. तिकडे पहाट होती, पण तिला झोप लागली नव्हती म्हणे. मी ठेल्यावर काम करते याचं तिला काहीच वाटलं नाही. तिचा आक्षेप वेगळा होता.

"तर्री पोह्यावर टाकतात," ती म्हणाली. "बटाट्यावर काहून टाकून राहिली तू?"

मी म्हटलं, इथे लोकांना आवडतंय. ती म्हणाली, लोकांना आवडलं म्हणून काहीही करायचं का, अन् वर ते चीज. बराच वेळ तिने मला झापलं. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं असावं. आमच्या वडिलांना पोह्यांपेक्षा तर्री-सामोसा आवडायचा. ते रविवारी हमखास आणायचे. आई म्हणाली, "तसं सामोशात तरी काय असते, बटाटेच ना." त्यानंतर तिने तिखट किती घालते, खसखस मिळते का, असे कामाचे प्रश्न विचारले आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

ऑगस्टमध्ये जवळच्याच एका चौकात दुकानदारांची समिती एका दिवसाचा स्ट्रीट फूडचा मेळा भरवते. मावशी दरवर्षी जायच्या. मेळ्यात गाड्यांच्या दोन रांगा असतात, एक 'कॅनेडियन क्लासिक्स', दुसरी 'वर्ल्ड फ्लेवर्स'. मावशींचा ट्रक कायम पहिल्या रांगेत, बर्गरवाला आणि मांसाचे पातळ काप तळून देणारा श्निट्झेलवाला यांच्यामध्ये. या वेळी फॉर्ममध्ये पदार्थांची यादी भरताना मी फ्राइज, पुटीन आणि खाली तर्री पुटीन असं लिहिलं. आठवड्याने समितीतली एक तरुण मुलगी स्वतः ट्रकपाशी आली. फार अदबशीर होती. तिने तर्री पुटीन मागवून खाल्लं, डबा चाटूनपुसून साफ केला, आणि मग अडखळत मुद्द्यावर आली. तर्री ठेवायची असेल तर ट्रक वर्ल्ड फ्लेवर्सच्या रांगेत न्यावा लागेल. कॅनेडियन रांगेत राहायचं असेल तर त्या दिवसापुरती तर्री वगळावी. लोक नकाशा बघून येतात, त्यांचा गोंधळ होतो, असं तिचं म्हणणं.

मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मला थोडी लाजच वाटली. माझ्यामुळे मावशींची इतक्या वर्षांची जागा जाते की काय, असं झालं. मी पटकन म्हणून टाकलं, काढून टाकू तर्री, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मावशी फ्राइज तेलात सोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मुलीला विचारलं, युक्रेनच्या सारण भरलेल्या पिरोगी कुठल्या रांगेत? वर्ल्ड. एगरोल? वर्ल्ड. आणि श्निट्झेल? मुलगी म्हणाली, कॅनेडियन, कारण हे गाव जर्मन लोकांनीच वसवलं.

"म्हणजे किती वर्षं झाली की जेवण इथलं होतं?" मावशींनी विचारलं.

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. त्या खरोखरच विचारत होत्या.  मग मावशींनी फ्रिज उघडून ती लाल गोळ्याची बरणी काढली आणि खिडकीत ठेवली. तो टोमॅटो नव्हता. तांबड्या मिरच्या जाड मिठात मुरवून, वाटून, वर ऑलिव्ह तेल घालून ठेवलेलं ते वाटण होतं. मावशींच्या आईची पद्धत. बेटावर प्रत्येक घरात ते करतात. नवऱ्याने ट्रक सुरू केला तेव्हा त्याची ग्रेव्ही पिठुळ लागायची, म्हणून मावशींनी एक दिवस गुपचूप चमचाभर हे वाटण त्यात टाकलं, आणि तेव्हापासून लोक म्हणायला लागले की अशी अस्सल कॅनेडियन ग्रेव्ही कुठे मिळत नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"तिची तर्री पलीकडे जाणार असेल तर माझी ग्रेव्हीसुद्धा पलीकडची आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही पलीकडची म्हणून लिही, नाहीतर एकही लिहू नकोस."

मुलीने बरणीचा वास घेतला. ती जरा हसली आणि म्हणाली, मी विचारून कळवते. ती गेल्यावर मी मावशींना म्हटलं की तुम्ही हे इतकी वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं का. त्या म्हणाल्या, त्याला कळलं होतं, पण तोही कधी बोलला नाही. मग त्यांनी मला बटाट्यांचं पाणी बदलायला सांगितलं.

चार दिवसांनी समितीचा ईमेल आला. पदार्थ तेच राहू द्या आणि रांग तुम्हीच निवडा, असं त्यात होतं. मी आनंदाने तो मावशींना वाचून दाखवला आणि विचारलं, मग आपली जुनी जागा कायम ना? त्यांनी नकाशा मागितला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, आणि वर्ल्ड फ्लेवर्सच्या रांगेवर बोट ठेवलं. का, विचारलं तर म्हणाल्या, त्या बाजूला झाडं आहेत. इतकी वर्षं त्या कडक उन्हात तळत उभ्या होत्या, पण जागा बदलून मागायचं कधी सुचलं नव्हतं.

मेळ्याच्या दिवशी मी पहाटेच तर्री चढवली. नवरा बटाट्यांची पोती उचलायला आला आणि मुलगी ऑर्डर घ्यायला. आमच्या एका बाजूला जमैकाचा एक माणूस कोळशावर कोंबडी भाजत होता, दुसऱ्या बाजूला सीरियाचं एक जोडपं शावर्मा करत होतं. झाडांची सावली खरंच गार होती. मावशींची जुनी गिऱ्हाइकं आधी पलीकडच्या रांगेत शोधून आली आणि मग आमच्याकडे. त्यातले एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा तीस वर्षं मावशींची ग्रेव्ही खात आले होते. त्यांना मिरचीच्या वाटणाची गोष्ट कळली होती. ती आता सगळ्यांनाच कळली होती, कारण माझी मुलगी प्रत्येकाला सांगत होती. आजोबांनी गंभीर चेहऱ्याने नेहमीचं पुटीन घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले की आता सांगितल्यावर लागतंय खरं. मग त्यांनी तर्री पुटीन मागितलं. मी तिखटाची कल्पना दिली. ते खाऊन लाल झाले, दोन कॅन कोल्ड्रिंक प्यायले, आणि तासाभराने बायकोला घेऊन परत आले.

दुपारी एक गृहस्थ पाटीसमोर येऊन थांबले. पन्नाशीचे, बरोबर बायको आणि दोन मोठी मुलं, ब्रॅम्पटनहून आले होते. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि मराठीत विचारलं, "ही आपली तर्री आहे का?"

मी म्हटलं, हो, नागपूरची. ते म्हणाले, मी इतवारीतला. त्यांनी एक डबा घेतला. बाजूला उभे राहून पहिला घास खाल्ला आणि काही वेळ नुसतेच झाडांकडे बघत राहिले. मला वाटलं, आवडलं नाही. खरं तर याच माणसाच्या मताची मला भीती होती. इथल्या मराठी मंडळातल्या एक-दोन ओळखीच्यांनी आधीच तोंड वाकडं केलं होतं की हे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही.

ते परत खिडकीपाशी आले. म्हणाले, ज्वारीचं पीठ बरोबर पडलंय. दगडफूल थोडं कमी आहे. पोहे आहेत का? मी म्हटलं, पोहे नाहीत, फक्त फ्राइज. त्यावर त्यांनी मान हलवली, थोडी नाराजीने, आणि आणखी तीन डबे मागितले. त्यांची मुलं तोवर वडिलांच्या डब्यातलं संपवून मोकळी झाली होती. जाताना त्या गृहस्थांच्या पत्नींनी खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाल्या की आमची मुलं घरी तर्रीला हात लावत नाहीत हो, आज पहिल्यांदा खाल्ली.

चार वाजता ग्रेव्ही संपली, साडेचारला तर्री. बटाटे उरले होते. मावशींनी ते तळून, नुसतं मीठ लावून शेजारच्या दोन्ही गाड्यांना वाटले, आणि बदल्यात कोंबडी आणि शावर्मा आला. आम्ही सगळे झाडाखाली गवतावर बसून जेवलो. माझ्या नवऱ्याने शावर्म्यावर पातेल्याच्या तळची तर्री निपटून घातली. सीरियाच्या बाईने ते पाहून स्वतःचाही शावर्मा पुढे केला.

सप्टेंबरच्या शेवटी मला नोकरी लागली, एका छोट्या कंपनीत, आठवड्यातले दोन दिवस ऑफिस आणि तीन दिवस घरून. इंटरव्ह्यूमध्ये मधल्या महिन्यांत काय केलं असं विचारलं, तेव्हा मी चिप ट्रकचं सांगितलं. घेणाऱ्या बाईने पहिला प्रश्न केला तो फ्राइज दोनदा का तळतात हा. मी सांगितलं. बाकी टेस्टिंगचं फारसं विचारलं नाही.

ट्रक हिवाळ्यात बंद असतो. या वसंतात उघडल्यापासून मी शनिवारी जाते. गुरुवारची तर्री शनिवारी आली आणि आता लोकांना तोच वार पाठ झालाय. मावशींचा हात पूर्ण बरा झाला आहे, तरी दांडा त्या मलाच ओढायला लावतात. गेल्या महिन्यात, गिऱ्हाईक नसताना, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की दोन-तीन वर्षांनी त्या थांबल्या तर मी ट्रक घेईन का. मी म्हटलं, विचार करते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की विचार कसला करतेस, तुझ्या तोंडावर लिहिलंय. मी अजून मावशींना उत्तर दिलेलं नाही, आणि त्यांनीही परत विचारलेलं नाही. शनिवारी सकाळी आठला मी पोचते. त्या आधीच आलेल्या असतात, रेडिओ चालू असतो, बटाट्यांचं पहिलं पोतं उघडलेलं असतं. मी केस बांधते आणि कामाला लागते.